वाढत गेलेला नवस

आमच्या घरात एक नवस सतरा वर्षं फेडायचा राहिला होता आणि तो दर वर्षी वजनानं वाढत होता. बोलली होती माझी आई, पण वाढत होती माझी मुलगी. तिच्या वजनाइतका गूळ संतासमोर तोलायचा, असा तो नवस. ती जन्मली तेव्हा इथे न्यू जर्सीत, ओक ट्री रोडवरच्या कुठल्याही देशी दुकानातून पिशवीभर गूळ आणला असता तरी भागलं असतं. गेल्या उन्हाळ्यात ती कॉलेजला निघाली, तेव्हा गुळासाठी गाडीची डिकी रिकामी करावी लागणार होती.

मी औषधांच्या कंपनीत काम करते. गोळीचं वजन ठरल्याप्रमाणे आहे की नाही हे बघायचं माझं काम. त्यामुळे आमच्या घरात वजनाचा विषय निघाला की नवरा माझ्याकडे बघून गालात हसायचा. मला ते मुळीच आवडायचं नाही.

नवस कसा बोलला गेला ते आधी सांगते. तेव्हा आम्ही आत्तासारखे एडिसनमध्ये राहत नव्हतो. तिथून गाडीनं वीसेक मिनिटांवर एक जुनं शहर आहे, तिथे एका घराचा वरचा मजला आम्ही भाड्यानं घेतला होता. खाली घरमालकीण राहायची. ती विधवा बाई, आईवडील इटलीच्या दक्षिणेकडच्या कुठल्याशा डोंगराळ गावातून आलेले. त्या गावाचा राखणदार एक बालसंत होता. गावची निम्मी माणसं इथे आली तेव्हा त्यालाही बरोबर घेऊन आली आणि बघता बघता तो ह्या शहराचाही राखणदार झाला. जुलैच्या शेवटी त्याचा उत्सव असतो. रस्ते बंद करतात, दिव्यांच्या कमानी उभारतात, कोपऱ्याकोपऱ्यावर सॉसेज भाजल्याचा धूर असतो आणि मैद्याचे गोळे तळून त्यावर पिठीसाखर भुरभुरतात. आईनं ते पहिल्यांदा खाल्ले तेव्हा म्हणाली, "हे तर गुलगुले. फक्त वेलदोडा विसरल्यात."

आई आली होती सहा महिन्यांसाठी. सगळ्यांना सांगितलं अमेरिका बघायला चाललेय, पण तिला अमेरिका नव्हे, मला बघायचं होतं. लग्नाला आठ वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा टिकले नव्हते. फोनवर मी "ठीक आहे गं" म्हणायचे. त्यातलं ठीक काय आणि नाही काय, हे तिला जवळ बसून तपासायचं होतं.

आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात तिची आणि घरमालकिणीची गट्टी जमली. आईला इंग्रजी येत नव्हतं, घरमालकिणीला मराठी येण्याचा प्रश्नच नव्हता. दोघी मागच्या पायरीवर बसून शेंगा सोलायच्या आणि आपापल्या भाषेत आपापल्या लेकींबद्दल, जावयांबद्दल बोलायच्या. दोघींचं एकमेकींना पटायचंही.

त्या सहा महिन्यांतली एक गोष्ट मला अजून रोज आठवते. संध्याकाळी मी कामावरून यायचे, रस्त्याच्या कडेला गाडी लावायचे. आई वरच्या खिडकीत बसलेली असायची. मी गाडीतून पाय बाहेर टाकला की ती खिडकीची काच वर सरकवायची आणि भर रस्त्यात ओरडून सांगायची, "भरली वांगी केल्यात!" कधी आमटी, कधी मेथीची भाजी. सगळी गल्ली वर बघायची. मला लाज वाटायची. "आई, असं ओरडत नाहीत इथं," मी जिन्यावरूनच सुरू करायचे. ती म्हणायची, "मग तुला कसं कळणार?" वर येईपर्यंत मला दम धरवणार नाही अशी तिची खात्री होती, आणि तिचं खरं होतं.

उत्सवाच्या रविवारी घरमालकीण तिला बरोबर घेऊन गेली. मीही गेले. चर्चमधली प्रार्थना संपली, दारं उघडली आणि आठ माणसांच्या खांद्यावर तो संत बाहेर आला. लाकडाचा, बारा-तेरा वर्षांचा मुलगा. गुडघ्यापर्यंतचा झगा, हातात खजुराची झावळी, गाल लाल रंगवलेले. मागे बँड.

"पालखी!" आई म्हणाली आणि तिनं चपला काढल्या.

जुलैची भर दुपार, डांबरी रस्ता. पालखीसमोर पायात काही घालून उभं राहायचं तिला जमलंच नसतं. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचायला लागली. मी म्हटलं, "आई, चपला घाल, पाय भाजतील." ती म्हणाली, "असू दे." एवढ्यात पुढच्या बायका वळून आईच्या पायांकडे बघायला लागल्या. कुणी तिच्या दंडाला हात लावला, कुणी बाजूला होऊन वाट दिली, आणि बघता बघता माझी नऊवारी नेसलेली आई थेट संताच्या मागे, अगदी पहिल्या रांगेत पोचली. तिथे आणखी पाचसहा बायका अनवाणी होत्या. मला काही कळेना. मग घरमालकिणीनं सांगितलं. त्यांच्यात ज्यांनी संताकडे काही मागितलंय तीच माणसं अनवाणी चालतात. आईच्या पायात काही नाही म्हटल्यावर सगळ्यांनी समजून घेतलं, ही बाई मागणं घेऊन आलीय.

मी गर्दीतून वाट काढत आईपर्यंत गेले आणि तिला हा घोटाळा सांगितला. म्हटलं, चल, आपण कडेला जाऊ. ती चालायची थांबली नाही. तिनं वर बघितलं.

"केवढा आहे गं हा?"

"बारा-तेरा वर्षांचा."

"आणि झालं काय ह्याला?"

घरमालकिणीनं मला जेवढं सांगितलं होतं तेवढं मी तिला सांगितलं. देव सोड म्हणून बादशहाच्या माणसांनी दटावलं, ह्यानं सोडला नाही, म्हणून मारलं.

"एवढ्याशा पोराला?" आई रस्त्यातच कडाडली. "आणि ह्याची आई कुठं होती तेव्हा?"

मी घरमालकिणीला विचारलं. तिनं डोकं खाजवलं. गोष्टीत आईचा उल्लेख नाही म्हणाली. हे ऐकून आईला असा राग आला की पायाचे चटके ती विसरली. पोराला देव केलंत, रंग लावलात, झगा शिवलात आणि आई नाही दिलीत? मग म्हणाली, "हे सगळे समजतायत की मी काहीतरी मागायला आलेय. मग मागूनच टाकते. आईसाठी हा झुरला असेल. मुलासाठी झुरणारी बाई ह्याला कळेल."

आणि बँडच्या गोंगाटात, खणखणीत मराठीत, तिनं त्याला सांगितलं, "बाळा, माझ्या लेकीला मूल दे. त्या मुलाच्या वजनाइतका गूळ तुझ्यासमोर तोलीन. माझ्या हातानं."

आम्ही कोल्हापूरकडचे. आमच्याकडे देवीच्या देवळात मोठा तराजू टांगलेला असतो, मुलं गुळानं तोलतात, त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. पण तिनं "माझ्या हातानं" म्हटलं नसतं तर पुढचं सगळं सोपं झालं असतं.

पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात मुलगी झाली. ह्या खेपेला दिवस टिकले ते संतामुळे की डॉक्टरांमुळे, ह्यावर मी कधी वाद घातला नाही. आई बाळंतपणाला आली आणि जुलै यायच्या आत तिला परतावं लागलं, वडील एकटे होते. जाताना कपाटात एक सुती लुगडं घडी करून ठेवून गेली. "पुढच्या वर्षी येणारच आहे. कशाला नेऊ-आणू?"

पुढच्या वर्षी वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. त्याच्या पुढे त्यांची तब्येत कधी बरी, कधी नाही, अशी वर्षं गेली, मग ते गेले. त्यानंतर एकदा तिकीट काढलं होतं तर सगळं जगच बंद झालं. मग आईचे गुडघे. दर जुलैत ती व्हिडिओ कॉलवर विचारायची, "केवढी झाली?" मी मुलीला कॅमेऱ्यासमोर उभी करायचे आणि आई डोळ्यांनीच वजन करायची. "बाई, बाई. आता ढेपेनं भागत नाही." आम्ही एडिसनला घर घेतलं तरी दर उत्सवाला त्या जुन्या शहरात जायचो. घरमालकीण विचारायची, आली का तुझी आई? मी म्हणायचे, पुढच्या वर्षी. ती संताकडे बोट दाखवून म्हणायची, काळजी करू नको, लहान मुलांना वेळ कळत नसतो.

खरं सांगायचं तर मला तो नवस तसाच राहिलेला हवा होता. मी एरवी आईला ये म्हटलं की ती म्हणायची, "तुझं काय अडलंय तिथं माझ्यावाचून?" नोकरी आहे, घर आहे, डिशवॉशर आहे, अडलेलं काहीच नाही. पण नवसाला तिचे हात लागणार होते. तो आहे तोवर तिचं येणं बाकी आहे, असं मी धरून चालले होते. मी दोन-तीन वर्षांनी जाते तिकडे, दोन आठवडे, त्यातले चार दिवस बँका आणि दवाखाने. ते भेटणं खरं नव्हे. मला ती इथं हवी होती. मी गाडी लावल्यावर वरची खिडकी उघडायला हवी होती. आमच्या आताच्या घराचं गॅरेजचं दार आपोआप वर जातं, आपोआप खाली येतं, आणि मी आत जाऊन फ्रिज उघडते. कामावरून येताना माझ्या पोटात जी एक आशा असायची ती त्या सहा महिन्यांनंतर मला कधी सापडली नाही.

गेल्या जूनमधल्या एका रविवारी आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, विमानाचं नाव काढायचं नाही."

"दुसऱ्या डॉक्टरला दाखवू."

"दाखवलं की. दोघं तेच म्हणतात. तर ऐक. ह्या वर्षी नवस तूच फेडून टाक. पोरगी ऑगस्टात निघाली कॉलेजला. मग काय तिचा फोटो तोलणार आहेस?"

मला भयंकर राग आला. मी म्हटलं, "तुझ्या हातानं म्हणाली होतीस."

"तुझे हात कुणाचे आहेत मग?"

"हे बघ, असं चालत नाही. बोललीस तू. ये आणि फेड." मी हे एका आजारी म्हातारीला म्हणत होते हे मला कळत होतं, तरी म्हणाले. तिला फोन नीट धरता येत नसल्यामुळे मला तिचं अर्धंच कपाळ दिसत होतं.

दोन-तीन रविवार मी विषय टाळला. शेवटी मुलगीच स्वयंपाकघरात माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आई, आजी इज नॉट कमिंग. यू नो दॅट, राइट?"

"मला शिकवू नकोस."

"आय ॲम नॉट. पण शी वॉन्ट्स टू सी इट. मी जायच्या आधी. लेट्स जस्ट डू इट."

मी भांडी घासत राहिले. डिशवॉशर असताना.

"वन कंडिशन," ती म्हणाली. "नो नंबर्स. नोबडी इज अनाउंसिंग माय वेट. नॉट इन फ्रंट ऑफ अ होल चर्च."

ते बरोबरच होतं. पण वजन न करता वजनाइतका गूळ तोलायचा कसा, ह्यावर मी आणि नवरा विचार करत बसलो. लोंबता तराजू न्यू जर्सीत कुठे मिळणार? मुलगीच म्हणाली, "चर्चच्या मागे पार्क आहे ना? ओल्ड सी-सॉ आहे तिथे. मी लहानपणी बसायचे." तिनं कागदावर चित्र काढून दाखवलं. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला गूळ. ती वर उचलली गेली की फिटलं. आकडा कुणालाच कळायला नको.

ओक ट्री रोडवर आम्ही दुकानातल्या फळीवरच्या गुळाच्या ढेपा ट्रॉलीत भरायला लागलो तेव्हा दुकानदारानं विचारलं, "मॅडम, शादी है क्या?" नवरा म्हणाला, "नहीं, बेटी तोलनी है." त्यानं आणखी एक ट्रॉली पुढे ढकलली. आईला फोनवर ढेप दाखवली. "पांढरा नको, काळपट घे. पांढऱ्यात औषध असतं," ती म्हणाली, म्हणून सगळ्या परत फळीवर ठेवल्या आणि काळपट भरल्या.

उत्सवाचं सगळं बघतो तो घरमालकिणीचा भाचा. त्याला मी चाचरत विचारलं, मिरवणूक पार्कापाशी पाच मिनिटं थांबेल का? मला वाटलं होतं समजावून सांगता सांगता माझी पुरेवाट होईल. त्यानं एवढंच विचारलं, "व्रत आहे?" मी हो म्हटलं. "मग थांबेल." त्यांच्याकडे बायका आपले केस कापून वाहतात, कुणी पाय बरा झाला म्हणून मेणाचा पाय आणून देतं. गुळाचं त्याला काही वाटलं नाही.

त्या रविवारी मी चपला गाडीतच ठेवल्या. आईच्या पायांना किती भाजलं असेल ते मला तेव्हा समजलं. आमच्या मुलीनं जीन्स घातली होती आणि मी सांगायच्या आधीच तिनंही बूट काढले. सी-सॉच्या एका टोकावर मी आईचं ते सुती लुगडं अंथरलं. सतरा वर्षं कपाटात होतं, घडीवर पिवळी रेघ पडली होती. त्यावर ढेपा रचायच्या आणि पडू नयेत म्हणून पदरानं बांधायच्या, असं ठरलं होतं. घरमालकीण आता नव्वदीच्या पुढे आहे. तिला चाकाच्या खुर्चीतून सावलीत आणून बसवलं. नवऱ्यानं फोन धरला. तिकडे रात्रीचे नऊ वाजून गेले होते. आई इरकली लुगडं नेसून, कपाळाला ठसठशीत कुंकू लावून बसली होती. वडील गेल्यावरही तिनं कुंकू सोडलं नव्हतं, त्यावरून तिनं गावाशी भांडण काढलं होतं.

संत आला, थांबला. बँड थांबला. मुलगी दुसऱ्या टोकाला बसली, पाय जमिनीवर टेकलेले.

"कडेला नको, मध्ये रच," आई फोनमधून म्हणाली. "हां. आता त्याच्यावर. घाई करू नको."

मी घाई करतच नव्हते. एकेक ढेप उचलत होते, पुसत होते, ठेवत होते. खांदेकऱ्यांच्या मानेवरून घाम गळत होता. माझ्या टोकाची फळी खाली यायला लागली. मुलीच्या टाचा उचलल्या गेल्या, नुसती बोटं टेकलेली राहिली. आता एकच ढेप पुरे होती आणि ती माझ्या हातात होती.

मला ती ठेववेना. ही ठेवली की आईचं येणं संपलं, बाकी काही राहिलं नाही. आता कुठल्याच जुलैत ती येणार नाही, हे मला जून महिन्यापासून माहीत होतं, पण ते माझ्याच हातानं करायचं होतं. मी ढेप पोटाशी धरून उभी राहिले. भाच्यानं घड्याळाकडे पाहिलं. वर तो लाकडाचा पोरगा, गाल लाल, आईशिवाय.

"ठेव की," आई म्हणाली. अगदी हळू.

"आई, इट्स ओके," मुलगी म्हणाली.

मी ठेवली. फळी खाली गेली आणि माझी कॉलेजला निघालेली मुलगी वर गेली. दोन्ही पाय हवेत लोंबकळले आणि ती खदखदून हसली, पाळण्यात बसलेल्या लहान मुलीसारखी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. घरमालकिणीनं हात पुढे केला, मी तिच्या तळव्यावर गुळाचा खडा ठेवला, तो तिनं तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"फिटला," आई म्हणाली. "झालं. सुटले मी."

बँड पुन्हा सुरू झाला आणि संत पुढे निघाला. मी नवऱ्याच्या हातातून फोन घेतला. मला रडू आवरत नव्हतं आणि मी ते आवरलंही नाही.

"रडायला काय झालं?" आईनं विचारलं. "चांगलं झालं की सगळं. ऐक, काल मी देवीला जाऊन आले."

"कशी गेलीस? गुडघे—"

"रिक्षानं. ऐक तर. बोलून आले तिला. लेक आली, दोन आठवडे नव्हे, चांगली उन्हाळाभर राहिली, तर गुळानं तोलीन म्हणून. माझ्या हातानं. इथं विमान लागत नाही, देऊळ दोन गल्ल्यांवर आहे." तिनं फोन जवळ घेतला आणि ह्या खेपेला मला तिचा पूर्ण चेहरा दिसला. "गूळवाल्याला सांगून ठेवायला पाहिजे. तुझं वजन किती आहे गं आता?"

बँड अगदी शेजारून चालला होता. मी एकदा सांगितलं, तिला ऐकू गेलं नाही. मग मी भर रस्त्यात, अनवाणी, ओरडून सांगितलं. सगळी गल्ली माझ्याकडे बघायला लागली.